सोलापूरहून बेंगळुरूला तीन दिवसांच्या ऑफिसच्या कामासाठी जाताना बॅगेत काय भरावं?

कपड्यांचं फार डोकं लावू नका. तीन शर्ट, दोन पँट, एक पातळ जॅकेट. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होत असली तरी तिकडे संध्याकाळी पावसाची सर येऊ शकते. फोल्डिंगची छत्री हवीच.

खरी फजिती मीटिंग रूममध्ये होते. नव्या लॅपटॉपला बऱ्याचदा फक्त टाइप-सी पोर्ट असतो आणि टेबलावर एचडीएमआयची केबल पडलेली असते, म्हणून टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॅप्टर स्वतःचा न्या. प्रेझेंटेशन पेनड्राइव्हवर घ्या, शिवाय पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा, कारण पाहुण्यांचं वायफाय ओटीपी मागत बसतं आणि काही कंपन्यांत पेनड्राइव्ह चालतच नाही. टेक पार्कच्या गेटवर लॅपटॉपचा सिरियल नंबर विचारू शकतात. तळाच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. ओळखपत्र मूळच हवं.

उद्यान एक्सप्रेसने जाणार असाल तर तीन सॉकेटचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड टाका, पण तो हॉटेलसाठी. डब्यातल्या सॉकेटला लावू नका. विमानाने जायचं तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवर भरते, मर्यादा १०० ची आहे.

शेंगा चटणी न्याच, सहकारी वाट बघत असतात! मात्र तेल सुटतं, तेव्हा दुहेरी पिशवी, आणि विमानात चेक-इन बॅगेत. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत अडवतात.