स्टुडंट व्हिसावर येऊन स्पीडवे रायडर होता येईल का?

भावा, तुझा बेत असा दिसतोय: एम.एस्सी.च्या निमित्ताने स्टुडंट व्हिसावर मँचेस्टरला यायचं, आणि डर्ट रेसिंगचा अनुभव गाठीशी आहेच, तर एखादा क्लब गाठून स्पीडवेतच, म्हणजे मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतीत, करिअर करायचं. मी इथेच राहतो, इथल्या बेल व्ह्यू या स्पीडवे क्लबच्या मॅच सहसा चुकवत नाही. स्पष्टच सांगतो, या वाटेने येऊ नकोस.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला मनाई आहे. खेळाडूंसाठी वेगळा व्हिसा असतो, पण त्याला खेळाच्या नियामक संस्थेची मान्यता लागते, आणि ती नुसत्या हौसेवर मिळत नाही.

व्हिसा सुटला तरी पैशाचं गणित उरतंच. इथला रायडर म्हणजे पगारी माणूस नव्हे, स्वतःचा धंदा चालवणारा. गाड्या त्याच्या, व्हॅन त्याची, मेकॅनिकला पैसे तोच देतो. क्लबचे पैसे मुख्यतः पॉइंटवर. चार जण, चार लॅप, जेमतेम मिनिटभराची एक हीट, म्हणजे एक शर्यत. पहिल्याला 3, मग 2, मग 1, चौथ्याला भोपळा. हाड मोडलं की कमाई बंद, इंजिन ट्यूनरचं बिल मात्र येतंच. खरा पैसा पोलंडच्या एक्स्ट्रालीगात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणून चांगले रायडर सोमवारी इंग्लंड, मंगळवारी स्वीडन, शुक्रवार-रविवार पोलंड असे पळत असतात. निम्मं आयुष्य व्हॅनमध्ये आणि विमानतळावर.

आता गाडी. 500 सीसीचं एकच सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारं. गिअर एक, ब्रेक नाहीच. वळणावर मागचं चाक बाहेर फेकायचं, डाव्या बुटाला बांधलेला लोखंडी शू मातीवर घसटत तोल सांभाळायचा आणि थ्रॉटल उघडाच ठेवायचा. घाबरून थ्रॉटल मिटलास तर मागचं टायर एकदम पकड घेतं आणि गाडी सरळ कुंपणावर. मोटोक्रॉसच्या सवयी इथे आधी मोडाव्या लागतात. धोका किती, तर ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड, जगज्जेता होणार असं सगळे म्हणायचे. 2015 मध्ये पोलंडच्या झिएलोना गुरात पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तेव्हा तो 23 वर्षांचा होता.

बाहेरून येऊन कोणी मोठं झालंच नाही, असंही नाही. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर 1957 मध्ये विंबल्डनच्या स्पीडवे क्लबात आला, जम बसला नाही, घरी परतला. 1963 मध्ये न्यूकॅसलच्या क्लबात पुन्हा आला आणि पुढे सहा वेळा जगज्जेता झाला. पण न्यूझीलंडमध्ये घरच्या ट्रॅकवर स्पीडवे होता, आपल्याकडे तो नाही. इथली पोरं शाळेत असतानाच 125 सीसीवर बसतात.

तेव्हा डिग्री घ्यायची तर डिग्रीसाठी ये. स्पीडवेचं आधी चाखून बघ: इथे काही ट्रॅकवर नवशिक्यांना भाड्याच्या गाडीवर शिकवतात, सीझन साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबर. वय किती आणि एफएमएससीआयचं (आपल्याकडच्या मोटरस्पोर्ट संघटनेचं) लायसन्स कुठलं आहे ते कळव, मग नेमकं कुणाला विचारायचं ते सांगतो.