पंक्चर काढलं, तरी हवा उतरते

प्रश्न : मोटरसायकलच्या ट्यूबलेस टायरचं पंक्चर रस्त्यातच किट वापरून काढलं, पण रात्रीत पुन्हा हवा उतरली. कुठे चुकलं?

उत्तर : बहुतेक वेळा भोक नीट घासलेलं नसतं. खिळा पकडीने उपसण्याआधी तो कोणत्या कोनात शिरलाय ते पाहा, मग खिळा काढून किटमधला खरखरीत टोच्या त्याच कोनात आठ-दहा वेळा आतबाहेर फिरवा. यात जोर लागतो, पण इथे कंटाळा केला की भोकात भरायची रबरी पट्टी धरत नाही. पट्टी सुईत मधोमध ओवा, तिला सोल्यूशन लावा आणि दोन्ही टोकं साधारण १ सेंमी बाहेर राहतील इतकी आत दाबा. सुई पीळ न देता, एका झटक्यात सरळ ओढा. हळू ओढली तर पट्टीही बाहेर येते. उरलेली टोकं २-३ मिमी ठेवून कापा, खेचू नका.

हवा भरून साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हलाही. बुडबुडे अनेकदा तिथेच निघतात!

भोक ६ मिमीपेक्षा मोठं किंवा टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल तर पट्टी भरूच नका, टायर बदला.