सगळीकडे मरीन प्लाय, तेही कर्ज काढून?

वाचकाचा प्रश्न: नव्या घराचं फर्निचर करायचं आहे. किचनच्या ट्रॉल्या, दोन वॉर्डरोब, पलंग, पुस्तकांचं कपाट आणि टीव्ही युनिट. आम्ही साध्या कमर्शियल प्लायचा हिशेब धरला होता. सुतार म्हणतो, काम एकदाच होतं, सगळं मरीनमध्ये करा. वरच्या फरकासाठी ३ वर्षांचं वैयक्तिक कर्ज घ्यावं, की अडीअडचणीसाठी ठेवलेल्या ६ महिन्यांच्या खर्चातून काढावं?

कर्जही नको आणि अडीअडचणीच्या पैशांना हातही नको. पण म्हणून सगळं कमर्शियलमध्ये उरकून टाका, असंही मी सांगणार नाही. तुमच्या सुताराचं म्हणणं काही कपाटांपुरतं अगदी बरोबर आहे.

कमर्शियल, म्हणजे एमआर प्लाय, हवेतला दमटपणा सोसतो. पाणी साचलं तर सोसत नाही. मरीन, म्हणजे बीडब्ल्यूपी, यात फिनॉलिक ग्लू असतो आणि तो उकळत्या पाण्यातही थर सुटू देत नाही. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते मुख्यतः या ग्लूसाठी. मग विचारायचं इतकंच, की त्या ग्लूची गरज कुठे पडणार आहे?

एका कपाटाच्या खर्चाचे १०० भाग धरा. समजा त्यातले ३५ प्लायचे, बाकीचे मजुरी, लॅमिनेट, बिजागऱ्या, चॅनेल यांचे. मरीन दीडपट महाग धरलं, तर कपाटामागे १७-१८ भाग वाढतात. पण प्लाय कुजलं तर नुसती शीट बदलून भागत नाही. लॅमिनेट सोलून परत वापरता येत नाही, मजुरीही पुन्हा द्यावी लागते, म्हणजे जवळपास सगळे १०० भाग दुसऱ्यांदा जातात. तेव्हा सहा कपाटांपैकी एखादं तरी पाण्याने जाईल अशी भीती असेल, तर मरीनचे पैसे वसूल. भीती त्याहून कमी असेल, तर नाही.

सिंकखालच्या कपाटात ही भीती खरी आहे, हे मी स्वतः पाहिलंय. आमच्याकडे सिंकच्या पाइपचा जोड कित्येक महिने थेंब थेंब गळत होता. वरून लॅमिनेट चकचकीत, पण तळाला अंगठ्याने दाबलं की तो आत जायचा. कोपऱ्यातली पट्टी ओढली तर प्लायचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटून आले. प्लायचे दोन तुकडेच बदलायचे होते, पण त्यासाठी सगळ्या ट्रॉल्या उतरवाव्या लागल्या.

म्हणून किचनचे खालचे सगळे सांगाडे मरीनमध्येच करा. वॉर्डरोबची पाठ बाथरूमच्या भिंतीला लागत असेल, तर ती पाठ आणि तळही मरीनमध्ये. बाकी वॉर्डरोब, पलंग, पुस्तकांचं कपाट यांना चांगलं एमआर पुरतं. भिंतीला ओल असेल तर मात्र आधी ओल काढा, फर्निचर नंतर. आणि मरीन लावलं म्हणजे निश्चिंत, असंही नाही. ग्लू टिकला तरी लाकूड उघड्या कडेतून पाणी पितंच. सिंकखाली पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडा सील करून घ्या; हे काम हमखास राहून जातं.

कर्जाचं गणित सरळ आहे. वर्षाला १४ टक्के दराने ३ वर्षांत १०० च्या कर्जावर साधारण २३ व्याज जातं. कोरड्या खोलीतल्या कपाटाला जे १७-१८ भाग मुळातच नको होते, ते हप्ते फिटेपर्यंत २१-२२ होतात. आणि अडीअडचणीचे पैसे नोकरी गेली किंवा घरात कुणी आजारी पडलं तर लागणार आहेत. ते कपाटात अडकवलेत, तर त्या दिवशी कपाट विकून बिल भरता येणार नाही. टीव्ही युनिट काही महिने पुढे ढकला. त्याच पैशांत किचनचं मरीन बसण्याची चांगली शक्यता आहे.

पैसे वाचवायची खरी जागा आणखी एक आहे: कटिंग. शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची. वॉर्डरोबची खोली ६०० मिलिमीटर ठेवली, तर करवतीची जाडी सोडूनही शीटमधून दोन उभ्या पट्ट्या निघतात. हौसेने ६५० केली, की एकच निघते आणि उरलेला सव्वा हात रुंद तुकडा कोपऱ्यात पडून राहतो. ऑर्डर देण्याआधी सुताराला प्रत्येक शीटचं कटिंग कागदावर काढायला सांगा. मी दराची घासाघीस करण्याआधी हे करून घेईन.

जाडीत मात्र काटकसर नको. पुस्तकांच्या फळीला १८ ऐवजी १२ मिलिमीटर वापरलं, तर तिचा ताठपणा तिपटीहून जास्त घटतो आणि ती मधोमध झुकते. मुलांच्या खोलीसाठी फॉर्मल्डिहाइड (ग्लूमधून सुटणारा त्रासदायक वायू) कमी सोडणारं, ई१ किंवा ई० ग्रेडचं प्लाय मागा.

प्लायच्या हमीपत्रात हमी फक्त शीट बदलून देण्याची आहे, की मजुरीचीही, ते नीट वाचा. नुसत्या शीटची असेल, तर तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

माल आला की बिलावर प्रत्येक शीटचा ग्रेड आणि जाडी लिहिलेली आहे का, ते पाहा. सुतार पहिली शीट कापेल तेव्हा जवळ उभे राहा आणि कापलेल्या कडेवर टॉर्च मारा. आत पोकळ्या दिसल्या किंवा थर एकमेकांवर चढलेले दिसले, तर बाकीच्या शीट न कापता परत पाठवा. मरीनचा एक तुकडा घरी आणून पातेल्यात काही तास उकळा. त्याचे थर सुटले, तर मरीनचे पैसे देऊ नका.