आधी पृथ्वीगोल, मग नकाशा
नकाशाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, शिकवताना पहिल्याच तासाला व्याख्या फळ्यावर लिहू नका. मी लिहायचो, मुलं पाठ करायची, कळायचं कुणालाच नाही. पृथ्वीगोलावर पातळ कागद धरून ग्रीनलंड गिरवायला लावा, तुकडा कापून आफ्रिकेवर ठेवायला सांगा. साधारण १४ ग्रीनलंड मावतात. मग मर्केटर या नकाशाकाराचा जगाचा नकाशा उघडा: तिथे दोन्ही जवळपास सारखेच! पोरं स्वतःच विचारतात, ‘सर, हे कसं?’ १५६९चा हा नकाशा खलाशांसाठी होता, दिशा अचूक ठेवताना क्षेत्रफळ बिघडलं, हे तेव्हाच सांगा, आधी नाही.

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, शिकवायला मातीची टेकडी आणि पाण्याचं घमेलं पुरतं. टेकडी घमेल्यात ठेवून पाणी एकेक सेंटिमीटर वाढवत दर वेळी पाण्याचा काठ टेकडीवर कोरायचा. फरशी मात्र खराब होते, फडकं जवळ ठेवा.