वाचकांचे प्रश्न : गुण सारखे, विजेता एक

प्रश्न : इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत २०११-१२ च्या मोसमात मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांचे गुण सारखे झाले आणि जेतेपद सिटीला मिळाले. आमच्या तालमीतली सगळी मंडळी त्याचे श्रेय सिटीच्या अगुएरोच्या शेवटच्या गोलला देतात. अडतीस सामन्यांच्या मोसमाचा निकाल एका गोलने लागला, हे म्हणणे कितपत बरोबर आहे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मंडळींचे म्हणणे चूक नाही, मात्र ते अर्धेच आहे. १३ मे २०१२ रोजी क्वीन्स पार्क रेंजर्सचा एक खेळाडू लाल कार्डामुळे बाहेर गेलेला असतानाही, नव्वद मिनिटे संपली तेव्हा सिटी घरच्या मैदानावर १-२ असा पिछाडीवर होता. भरपाईच्या वेळेत आधी जेकोने बरोबरी साधली आणि चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला अगुएरोने विजयी गोल केला. तो झाला नसता तर सिटीचे ८७ गुण राहिले असते आणि संडरलँडमध्ये १-० ने जिंकलेला युनायटेड ८९ गुणांसह विजेता ठरला असता. म्हणजे त्या गोलमुळे सिटीने युनायटेडला गाठले. पण गाठल्यावर पुढे कोण, हे गोलफरकाने, म्हणजे केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांतील फरकाने ठरले आणि त्याचे मूळ सात महिने मागे आहे.

अंतिम गुणतालिका पाहा. दोघांचेही २८ विजय, ५ बरोबरी, ५ पराभव. सिटीने ९३ गोल केले आणि २९ स्वीकारले, युनायटेडने ८९ केले आणि ३३ स्वीकारले. म्हणजे गोलफरक अनुक्रमे ६४ आणि ५६. आता २३ ऑक्टोबर २०११ चा सामना आठवा. युनायटेडच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीने ६-१ असा विजय मिळवला. जॉनी इव्हान्सला लाल कार्ड मिळाल्याने युनायटेडचे दहा जण उरले होते, तरीही ८९व्या मिनिटापर्यंत फलक ३-१ असा होता. शेवटचे तीन गोल त्यानंतरच्या चार-पाच मिनिटांत झाले. सामना हातचा गेलाच आहे तर निदान दोन गोल तरी भरून काढू, या ईर्षेने युनायटेड पुढे धावत राहिला आणि मागचे मैदान मोकळे पडले. ते गोल त्या दिवशी केवळ चिडवण्यापुरते वाटले होते. पण प्रतिस्पर्ध्यावर केलेला गोल आपला फरक एकाने वाढवतो आणि त्याचा एकाने घटवतो, त्यामुळे दोघांमधील अंतर दोनाने बदलते. मोसमाअखेरचे अंतर आठ होते. त्या एका सामन्याने दहाचे अंतर पाडले होते.

एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. तोच सामना सिटीने ६-१ ऐवजी १-० असा जिंकला असता, तर दोघांचेही ८८ गोल केलेले आणि २८ स्वीकारलेले, असा तंतोतंत सारखा हिशेब झाला असता आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे जेतेपदासाठी तटस्थ मैदानावर वेगळा सामना खेळवावा लागला असता.

माझ्या मते मात्र सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. सिटीने ३० एप्रिलचा परतीचा सामनाही कोम्पनीच्या हेडरवर १-० असा जिंकला. परस्परांतील हे दोन सामने वगळले, तर उरलेल्या अठरा संघांविरुद्ध युनायटेडने ८९ गुण मिळवले आणि सिटीने ८३, आणि त्या सामन्यांत गोलफरकही युनायटेडचाच सरस होता. इतरांविरुद्ध युनायटेड चांगला खेळला, शेजाऱ्याविरुद्ध हरला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सहा सामने बाकी असताना आठ गुणांची आघाडी घेऊन बसलेल्या या संघाने विगनमध्ये सामना गमावला आणि एव्हर्टनविरुद्ध शेवटच्या सात मिनिटांत ४-२ ची आघाडी घालवून ४-४ अशी बरोबरी पत्करली, हेही विसरता येत नाही.

या शेजाऱ्यांचे वैर जुने असले, तरी बराच काळ ते एकतर्फीच होते. १९९८-९९ मध्ये युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही जेतेपदे मिळवली, तेव्हा सिटी तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. २०१२ च्या आधीचे सिटीचे लीग जेतेपद १९६८ चे, आणि तेही अखेरच्या दिवशी न्यूकॅसलला ४-३ असे हरवून युनायटेडच्याच हातून हिसकावलेले.

प्रश्न : गुण सारखे झाल्यास परस्परांतील सामने आधी पाहणे अधिक न्याय्य नाही का? आपल्याकडे काय पद्धत आहे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्पेनमध्ये तशीच पद्धत आहे. २००६-०७ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे प्रत्येकी ७६ गुण झाले. बार्सिलोनाचा गोलफरक कितीतरी चांगला असूनही परस्परांतील एक विजय आणि एक बरोबरी यांच्या बळावर माद्रिद विजेता ठरला. मला व्यक्तिशः गोलफरक बरा वाटतो, कारण त्यात तळाच्या संघाविरुद्धची ढिलाईही मोजली जाते.

आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये २०२०-२१ साली परस्परांतील सामन्यांचाच नियम कामी आला. करोनामुळे तो संपूर्ण मोसम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. साखळीच्या अखेरच्या सामन्याआधी एटीके मोहन बागानचे ४० गुण होते आणि मुंबई सिटीचे ३७. बागानला बरोबरी पुरेशी होती. मुंबईने तो सामना २-० असा जिंकला. पहिला सामनाही मुंबईनेच १-० ने जिंकलेला असल्याने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल तिच्याकडे आली. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये याच मुंबई सिटीची मोठी मालकी घेतली होती.