मुठेकाठी मोहेंजोदडो का नाही?

गेल्या महिन्यात या पानावर आम्ही म्हटलं होतं की जुन्या नद्या आणि जुनी शहरं यावर काहीही विचारा. भरपूर प्रश्न आले, त्यातले पाच घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण तो तेवढा महत्त्वाचा आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. पुस्तकात लिहिलंय की नदीकाठी पाणी आणि सुपीक जमीन होती म्हणून तिथं पहिल्या संस्कृती उभ्या राहिल्या. परवा भिडे पुलावरून येताना तिनं विचारलं, मग आपल्या मुठेकाठी मोहेंजोदडोसारखं शहर का नाही झालं? मला काही सांगता आलं नाही.
– एक आई, नारायण पेठ

ताई, मुलीला आधी शाबासकी द्या. पाणी आणि सुपीक जमीन एवढंच पुरलं असतं तर जगातल्या शंभर नद्यांवर तेव्हाच शहरं झाली असती. ती झाली मोजक्या चार-पाच खोऱ्यांत. म्हणून बघायचं असतं ते हे, की पूर येतो कधी, गाळ किती टाकतो, आणि नदी सोडून चार कोस लांब गेलं तर माणसाचं पोट भरतं का.

नाईल घ्या. तिचा पूर इथिओपियाच्या डोंगरातल्या पावसाचा, आणि तो पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे खडकवासला भरत असतं तेव्हाच. ते पाणी गाळ घेऊन इजिप्तमध्ये पोचायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात खोरंच्या खोरं पाण्याखाली, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी उतरायचं आणि मागं राहायची ओली मऊ काळी जमीन, नेमकी गहू आणि जवाच्या पेरणीच्या वेळेला. उजनीच्या फुगवट्याचं पाणी खाली सरकलं की काठचे शेतकरी गाळपेर करतात ना, तेच, फक्त अख्ख्या देशाची गाळपेर. त्यांच्या वर्षात ऋतूच तीन होते, पूर, उगवण आणि सुगी.

आता इराककडे या, तैग्रिस आणि युफ्रेटिस. तिथं सगळं उलटं. या नद्यांना पूर येतो तो उत्तरेच्या डोंगरातला बर्फ वितळून, एप्रिल-मेच्या सुमाराला, म्हणजे शेतात जव कापणीला आलेला असताना, आणि पेरणीच्या वेळी मात्र नदी अगदी खाली गेलेली. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा नाही, आपल्या पुण्यात ७०० च्या आसपास पडतो त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे हवं तेव्हा पाणी नाही आणि नको तेव्हा दारात. मग बांध घाला, पाट काढा, दरवर्षी पाटातला गाळ उपसा, आणि हे एकट्या घराचं काम नाहीच, दहा वस्त्यांनी एकत्र यायला लागतं आणि कुणाची पाळी कधी हे ठरवायला लागतं. कालव्याच्या आवर्तनावरून आपल्याकडे आजही जी भांडणं होतात ती ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुराचा धाक तर एवढा की सुमेरच्या, म्हणजे जुन्या दक्षिण इराकच्या, राजांची जी जुनी यादी मातीच्या पाट्यांवर सापडलीय तिच्यात सरळ दोन भाग आहेत, पुराआधीचे राजे आणि पुरानंतरचे राजे. आपल्या पेठांतली जुनी माणसं अजून बोलतात ना, तो वाडा पुराआधीचा, हा पुरानंतरचा, म्हणजे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्याच्या आधीचा की नंतरचा. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हेच आठवलं होतं.

सिंधूचा पूर नाईलसारखा उन्हाळा-पावसाळ्यातला, हिमालयाचं बर्फ आणि मान्सून मिळून, आणि पाणी ओसरल्यावर रब्बी. पण सिंधू दांडगी नदी आहे, तिच्या शेजारी राहायचं तर मोहेंजोदडोच्या लोकांनी कच्च्या विटांचे प्रचंड जोते घालून त्यावर शहर उभं केलं, आणि प्यायला नदीवर अवलंबून न राहता विहिरी बांधल्या. अख्ख्या शहरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पेठेतल्या वाड्यात आड असायचा तसंच जवळजवळ, आणि हे साडेचार हजार वर्षांपूर्वी!

दुसरी गोष्ट धान्याची. गहू-जव वाळवून वर्ष दोन वर्ष ठेवता येतात, मोजता येतात, वाटता येतात. शेतकऱ्याच्या घरात खाऊन उरलेलं धान्य असलं की मग कुंभार, तांबट, विणकर, गवंडी यांना शेती न करता जगता येतं, आपल्याकडे बलुतं असायचं तसं काहीतरी. शहर म्हणजे मुळात शेती न करणाऱ्या माणसांची गर्दी, आणि ती गर्दी कुणाच्या तरी खळ्यावर जगते.

आणि तिसरी गोष्ट बहुतेक पुस्तकं सांगतच नाहीत, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. इजिप्त किंवा दक्षिण इराकमध्ये नदीचा पट्टा सोडला की वाळवंट. वस्ती वाढली, भांडण झालं, कर जड झाला, तरी उठून जायचं कुठं? रॉबर्ट कार्नेरो या अमेरिकन अभ्यासकानं १९७० मध्ये हा मुद्दा मांडला की पळायला जागा नसली की माणसं एकमेकांना बांधली जातात, कुणाच्या तरी अमलाखाली येतात. सगळीकडे तो तंतोतंत लागू होत नाही पण नाईलवर चांगला बसतो.

आता मुठा. सह्याद्रीत उगम, खाली कातळ, पावसाळ्यात चार दिवस रोरावत येते आणि ओसरते, दोन्ही काठांना मैलोन्‌मैल पसरणारं गाळाचं मैदान नाहीच. शिवाय आजूबाजूला वाळवंट नाही, एका गावात नाही जमलं तर पुढच्या ओढ्याकाठी नवी वस्ती करता येते. अशा ठिकाणी गावं होतात, पुष्कळ होतात, पण एका जागी तीस-चाळीस हजार माणसं कोंबली जात नाहीत.

पण मुलीला एवढ्यावर थांबवू नका. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती. ते लोक जव पिकवत होते, चौकोनी घरांत राहत होते, धान्य पेवात आणि कणगीत साठवत होते, एक पाच खोल्यांचं मोठं घर मिळालं आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार, म्हणजे बहुतेक गावच्या मुख्याचं. आणि नदीचं पाणी वळवायला दोनशे मीटरच्या आसपास लांबीची चारी खणलेली, सोबत बांध! पुढं हवामान कोरडं होत गेलं तशी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेवटी लोक गाव सोडून गेले. मोहेंजोदडो नसेल, पण पाणी वळवणं, धान्य साठवणं आणि कोठाराशेजारी मुख्याचं घर हे सगळं आपल्या जिल्ह्यात झालेलं आहे. तिला एकदा तिकडं न्या.

प्रश्न : एमपीएससीच्या क्लासमध्ये सांगितलं की मोठे कालवे काढायला राजा लागतो म्हणून राज्यसंस्था जन्मली. उत्तरात असंच लिहू का?
– एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

लिहा, पण "असं एक मत आहे" म्हणून लिहा आणि पुढं त्याच्या मर्यादा लिहा. हे मत कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये जोरात मांडलं. नंतर इराकच्या मैदानात जुन्या पाटांच्या खुणा शोधत फिरणाऱ्यांना दिसलं की सुरुवातीचे पाट लहान होते, गावकऱ्यांनी गावापुरते काढलेले, मोठे कालवे राजे आल्यानंतरचे. इजिप्तमध्येही पुराचं पाणी बांधात अडवून धरायचं काम बरंचसं गावपातळीवर चालायचं. आपलं सिंधू खोरं तर या सिद्धांताला फारच अडचणीचं, विटांचं माप (जाडी, रुंदी, लांबी) १:२:४ सगळीकडे एक, वजनं एक, गटारं आखीव, आणि नक्की राजवाडा म्हणावा अशी इमारत अजून सापडलेली नाही. हे एक उदाहरण टाकलंत तरी तपासणाऱ्याला कळेल की तुम्ही विचार करून लिहिलंय.

प्रश्न : आमचं ऊस पाणी देऊन देऊन रान चोपण झालं. त्या काळच्या लोकांना हा त्रास होता का?
– एक शेतकरी, इंदापूर तालुका

दादा, होता, आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या पाट्यांवर त्याच्या नोंदी आहेत. दक्षिण इराकमध्ये तुमच्यासारखंच झालं, जमीन सपाट, निचरा नाही, उन्हाचा कडाका, पाटाचं पाणी देत राहिलं की खालची पाणीपातळी वर येते, पाणी उडून जातं आणि क्षार वर पांढरे फुटतात. गव्हाला खारट जमीन सोसत नाही, जवाला बऱ्यापैकी सोसते. थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये जुन्या हिशेबांवरून असं दाखवलं की सुमेरमध्ये गहू कमी कमी होत गेला आणि जवच उरला, आणि त्यामागं हे मीठ आहे. त्यावर वाद आहेत, काही जण म्हणतात जव इतर कारणांनीही परवडत असेल, पण जमिनी खारावत होत्या एवढं पाट्यांवरून कळतंच. त्यांचा उपाय होता आड वर्ष जमीन पडीक ठेवायची.

नाईलकाठी मात्र हजारो वर्षं हा त्रास फारसा झाला नाही, कारण पूर यायचा, जमिनीतले क्षार धुवायचा, आणि नदीची पातळी उतरली की ते पाणी खाली निघून जायचं. निचरा आपोआप. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं, पूर थांबला, बारमाही पाणी आलं, आणि तिथल्या शेतकऱ्यालाही चर खणून, पाइप टाकून निचरा करायची वेळ आली. तुमच्या रानाला पाणी कमी पडतंय की निघून जात नाहीये, हे एकदा माती तपासून बघा, बहुतेक दुसरंच असेल.

प्रश्न : कच्छला रणोत्सवाला गेलो होतो तेव्हा सिंधू संस्कृतीचं धोळावीरा पाहिलं. एवढं मोठं शहर पण नदी कुठंच दिसली नाही! मग ही नदीकाठची संस्कृती कशी?
– एक वाचक, कोथरूड

काका, तुम्ही बघायला गेलात याचाच आनंद वाटला, बरेच जण पांढऱ्या रणात फोटो काढून परततात. तिथं मोठी नदी नाहीच, मानसर आणि मनहर असे दोन नाले शहराच्या दोन अंगांनी वाहतात, तेही फक्त पावसाळ्यात. लोकांनी त्या नाल्यांवर बंधारे घातले आणि ते पाणी तटाच्या आतल्या हौदांमध्ये वळवलं, काही हौद तर खालचा खडक कापून केलेत, पूर्वेकडचा सुमारे ७३ मीटर लांब आहे. चार थेंब आले तरी वाया जाऊ द्यायचे नाहीत अशी सगळी रचना, म्हणून मला ते शहर मोहेंजोदडोपेक्षाही जास्त आवडतं. २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं.

"नदीकाठची संस्कृती" हे नाव सोयीचं आहे, एवढंच. हरियाणा-राजस्थानातल्या घग्गर नदीच्या पात्राचंच बघा, कालीबंगासारखी शहरं त्याच्या काठी आहेत, पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं की सतलज ते पात्र आठ हजार वर्षांपूर्वीच सोडून गेली होती. म्हणजे शहरं वसली तेव्हा तिथं हिमालयातून रोरावत येणारी मोठी नदी नव्हती, मान्सूनच्या पाण्यावरचा शांत प्रवाह होता. कदाचित म्हणूनच तिथं राहणं सोपं गेलं असेल, हे माझं मत.

प्रश्न : माणसाने सगळ्यात पहिल्यांदा काय लिहिलं? गोष्ट की कविता?
– इयत्ता सहावी, हडपसर

बाळा, हिशेब! इराकमधल्या उरुक या शहरात इ.स.पू. ३२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या सापडल्यात, हजारोंनी. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं खुणा करायच्या आणि वाळवायची. त्यात असतं की अमक्या माणसाला इतका जव दिला, इतक्या मेंढ्या आल्या, इतकी बिअर वाटली. जेवण किंवा शिधा लिहायचा असेल तर माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी वाडगा असं चित्र काढायचे. गोष्टी आणि देवांची गाणी लिहायला पुढं कित्येक शतकं गेली.

पण सगळ्याच पाट्या हिशेबाच्या नाहीत. काहींवर नुसत्या शब्दांच्या याद्या आहेत, भांड्यांची नावं, प्राण्यांची नावं, वेगवेगळ्या कामांची आणि अधिकाऱ्यांची नावं, आणि एकाच यादीच्या खूप नकला मिळाल्यात. त्या लिहायला शिकणाऱ्यांच्या आहेत. तू शुद्धलेखन गिरवतोस ना, तसंच. कामांच्या नावांची ती यादी तर पुढं जवळजवळ हजार वर्षं नवे शिकणारे तशीच्या तशी उतरवत होते, तिच्यातले कितीतरी शब्द रोजच्या वापरातून गेले तरीसुद्धा.