प्रश्नोत्तरे : मंडळीचे शिबिर, सभासदांचे अभिप्राय आणि पुढील नियोजन

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीचे (चर्चच्या सभासदांचे) वार्षिक आत्मिक शिबिर दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस भरते. शेवटच्या दिवशी आम्ही अभिप्रायाचे कागद वाटतो. जवळजवळ प्रत्येक कागदावर 'शिबिर फार आशीर्वादित झाले' असे लिहिलेले असते, तरी उपस्थिती वर्षागणिक घटत आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने आता पुढील तीन वर्षांची योजना आखण्याचे ठरवले आहे. सभासदांचे खरे मत कसे कळावे आणि त्यावरून योजना कशी करावी?
— मंडळीच्या सचिव

उत्तर : आपण कागद भरून घेता ते आलेल्यांकडून, आणि उपस्थिती घटते ती न आलेल्यांमुळे. ज्यांचे मत आपल्याला सर्वांत जास्त हवे आहे, ते कागद वाटण्याच्या वेळी आपल्या घरी असतात. म्हणून अभिप्रायाचे काम शिबिरस्थळी सुरू न करता मंडळीच्या सभासद नोंदवहीपासून सुरू करावे. गेल्या तीन-चार वर्षांच्या शिबिरांच्या याद्या नोंदवहीशी ताडून पाहाव्यात आणि पूर्वी येत असलेली परंतु आता येत नसलेली कुटुंबे वेगळी काढावीत. कधीच न आलेल्यांपेक्षा येऊन थांबलेल्यांना अधिक सांगण्यासारखे असते.

या कुटुंबांना भेटायला शक्यतो पंचांनी जाऊ नये. पंच दारात उभे राहिले की घरातील माणसे ओशाळतात, 'पुढच्या वर्षी नक्की येऊ' असे म्हणतात, आणि चहा होऊन भेट संपते. महिला मंडळातील दोघी आणि तरुण संघातील एखादा मुलगा यांनी सहज जावे. 'तुम्ही का आला नाहीत?' हा प्रश्न तर टाळावाच, कारण त्याला उत्तर म्हणून सबब मिळते. त्याऐवजी 'त्या आठवड्यात घरी काय चालले होते?' असे विचारावे. आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाची काही उत्तरे आधीच ओळखता येतील. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूची अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि गळीत हंगाम संपल्यावरच परततात. आपल्या मंडळीत अशी कुटुंबे असतील, तर दिवाळीचे शिबिर हे शाळा-कचेरीच्या सुट्ट्या असलेल्यांचे शिबिर झालेले आहे, आणि ते कोणी जाणूनबुजून तसे ठरवलेले नाही. मे महिना घ्यावा, तर ऊन, पाणीटंचाई आणि लग्नसराई पुढे उभी असते. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या घरांना जमत नाही. सर्वांना सोयीची तारीख मिळणारच नाही, हे मान्य करून यंदा कोणाची गैरसोय होणार आहे आणि त्यांच्यासाठी दुसरे काय करणार आहोत, हे पंचकमिटीने लिहून ठेवणे हीच नियोजनाची खरी सुरुवात होय. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांसाठी गावातच, चर्चच्या आवारात, एका दिवसाचे शिबिर घेता येते आणि त्याला मुक्कामाचा खर्चही नसतो.

शुल्काबाबत मात्र सरळ विचारून खरे उत्तर मिळणार नाही. 'पैशांमुळे आलो नाही' असे स्वतःच्या मंडळीत कोणी म्हणत नाही. एखाद्या वर्षी ठरावीक शुल्काऐवजी बंद पाकीट ठेवून पाहावे. पाकिटांवर नावे नसावीत आणि ती खजिनदारांनी एकत्रच उघडावीत. त्या वर्षी कोणती कुटुंबे नव्याने आली, यावरून शुल्काचा अडसर किती होता हे प्रश्नावलीपेक्षा स्पष्ट दिसेल.

आता शेवटच्या दिवसाच्या कागदाविषयी. समारोपाचे गीत झालेले असते, साक्षी (स्वतःच्या विश्वासाच्या अनुभवांचे कथन) झालेल्या असतात, पाहुणे वक्ते आणि पाळकसाहेब समोर उभे असतात, आणि लहान मंडळीत एकमेकांचे हस्ताक्षर सर्वांच्या ओळखीचे असते. अशा वेळी कोणी 'दुपारचे सत्र फार लांबले' असे लिहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्या कागदावर घरी जाऊन विसरल्या जातील एवढ्याच गोष्टी विचाराव्यात : पाणी, झोपण्याची व्यवस्था, स्वच्छतागृहे, वेळापत्रक. शब्दांऐवजी खुणा करायला लावाव्यात, म्हणजे हस्ताक्षराचा प्रश्न राहत नाही. शिबिराने आत्मिक दृष्ट्या काय केले, हा प्रश्न साधारण दोन महिन्यांनी विचारावा, आणि तोही 'शिबिर कसे वाटले?' असा नव्हे, तर 'तिथे ऐकलेले किंवा ठरवलेले काय अजून चालू आहे?' असा. ज्या आजींना लिहिता येत नाही, त्यांचे म्हणणे महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत तोंडी ऐकून घ्यावे आणि त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे. तरुणांना मोबाइलवर गूगल फॉर्म पाठवला तरी चालेल, परंतु फक्त मोबाइलवर भिस्त ठेवू नये.

एक गट हमखास विसरला जातो, तो म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांचा. त्यांची नावे उपस्थितांच्या यादीत असतात, परंतु त्यांनी तिन्ही दिवसांत एकही सत्र पूर्ण ऐकलेले नसते. उत्तराखंडातील सातताल येथे मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये जो ख्रिस्ती आश्रम सुरू केला, तिथे आठवड्यातून एक दिवस नोकरांना सुट्टी देऊन आश्रमवासी झाडलोटीसह त्यांची कामे स्वतः करीत. आपल्याकडे निदान एका दिवसाचा स्वयंपाक पुरुषांनी करावा किंवा आचारी लावावा. हा खर्च अनाठायी आहे असे कोणी म्हणाले, तर त्यांना आधी एक दिवस भाकऱ्या थापायला बसवावे.

याच आश्रमाची आणखी एक रीत आपल्या प्रश्नाला लागू पडते. तिथे शिबिराच्या आरंभीच प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले जात : तुम्ही का आलात, तुम्हाला काय हवे आहे, आणि तुमची खरी गरज कोणती आहे. आपण फक्त शेवटी विचारतो, त्यामुळे माणूस काय घेऊन आला होता हे आपल्याला कधी कळतच नाही. हवे असणे आणि गरज असणे यांतील फरक पंचकमिटीलाही उपयोगी पडेल. अभिप्राय म्हणजे मतदान नव्हे. साठ कुटुंबांच्या मंडळीत 'चाळीस टक्के लोकांना असे वाटते' अशी भाषा करण्यात अर्थ नसतो. किती जणांनी सांगितले यापेक्षा कोणी आणि कशामुळे सांगितले, हे पाहावे लागते. एकाच विधवा भगिनीने सांगितलेली अडचण वीस जणांनी मागितलेल्या अधिक गाण्यांपेक्षा महत्त्वाची असू शकते. बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये हेल्लेणी म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार अशाच एका गोष्टीबद्दल होती : रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. बारा प्रेषितांनी ती कुरकुर दडपली नाही आणि स्वतःच पंगतीवर देखरेख करायलाही ते गेले नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावले, सात माणसे निवडायला सांगितली आणि काम त्यांच्या हाती सोपवले. तक्रार ऐकणे, आपले मुख्य काम न सोडणे आणि जबाबदारी नेमून देणे, या तिन्ही गोष्टी त्या काही ओवींत आहेत.

परस्परविरोधी अभिप्राय येतील, त्याने गोंधळून जाऊ नये. तरुण म्हणतील की वाद्ये, खेळ आणि गटचर्चा वाढवा. वडीलधारे म्हणतील की शांतता नाही, मनन होत नाही. दोघांचेही खरे असते, कारण आपण एकाच तीन दिवसांत शिबिर आणि रिट्रीट (एकान्तात शांतपणे प्रार्थना-मनन करण्याचा काळ) असे दोन वेगळे कार्यक्रम कोंबतो. मार्क ६:३१ मध्ये येशू शिष्यांना एकान्तात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नव्हती. रिट्रीटची गरज ही अशी आहे. कॅथलिक परंपरेत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मिक साधनेला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. ती साधना संपूर्ण करायची तर सुमारे तीस दिवस मौनात जातात. आपल्याला तीस दिवस नकोत, परंतु ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील एका शनिवारी पंधरा-वीस जणांची मौन रिट्रीट आणि सुट्टीतले मोकळे, गजबजलेले कुटुंब-शिबिर अशी फोड केली, तर निम्मी भांडणे आपोआप मिटतील.

योजना एका पानापेक्षा मोठी करू नये. पहिल्या वर्षी तारीख आणि स्वयंपाकाची व्यवस्था बदलावी, दुसऱ्या वर्षी रिट्रीट वेगळी काढावी, तिसऱ्या वर्षी शुल्काचा कायमचा निर्णय घ्यावा, असे काहीसे पुरे. यशाचे माप डोकी मोजून ठरवू नये. थांबलेल्या कुटुंबांपैकी किती परतली, आणि शिबिरानंतर तीन महिन्यांनी घरोघरच्या प्रार्थनासभांत कोण नव्याने येते, हे पाहावे. याहून महत्त्वाचे म्हणजे हे पान एखाद्या रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे वाचून दाखवावे : आपण हे सांगितलेत, त्यांपैकी हे आम्ही करणार, हे करणार नाही आणि त्याचे कारण हे. 'करणार नाही' हा भाग गाळला जातो, आणि तो गाळला की पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्या कागदांवर 'आशीर्वादित' एवढेच लिहून येते.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या ताब्यात पाचगणीला मिशनच्या काळातील एक जुना बंगला आहे. तिथेच कायमचे शिबिर केंद्र उभारावे, असे बहुसंख्य सभासदांनी अभिप्रायात लिहिले आहे. दुरुस्तीसाठी पैसे नाहीत, म्हणून काही वर्षे तो भाड्याने देऊन रक्कम जमवावी, असाही एक विचार आहे. पुढे जावे का?

उत्तर : सभासदांचा उत्साह ही चांगली गोष्ट आहे, परंतु या बाबतीत अभिप्रायाच्या आधी कागदपत्रे येतात. 'ताब्यात असणे' आणि 'मालकीचे असणे' या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या मिशनच्या अनेक मिळकती आजही वेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत, म्हणून मिळकत पत्रिका काढून नाव कोणाचे आहे ते आधी पाहावे आणि धर्मप्रांताच्या कार्यालयाशी लेखी बोलावे. मिळकत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाची असेल, तर कलम ३६ प्रमाणे इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. 'अकरा महिन्यांचा करार करून वाढवत राहू' असा सल्ला कोणी दिला, तर वकिलांना विचारल्याशिवाय तो मानू नये.

दुसरी बाब बांधकामाची. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे नवीन बांधकाम, झाडे तोडणे, जमिनीचा वापर बदलणे यांवर निर्बंध आहेत. शंभर जणांचे नवे सभागृह हे चित्र रंगवण्याआधी आहे त्या भिंतींत किती माणसे राहू शकतील, हे मोजावे. त्या डोंगरावरील पाऊस लक्षात घेता पावसाळ्याचे महिने शिबिरांसाठी धरू नयेत, परंतु छत आणि ओल यांचा खर्च मात्र त्याच महिन्यांसाठी धरावा.

आणि अभिप्राय पुन्हा एकदा घ्यावा, परंतु प्रश्न बदलून. 'केंद्र हवे का?' याला सगळे 'हो' म्हणतात. 'वर्षातून किती दिवस आपले कुटुंब तिथे राहील आणि दुरुस्तीसाठी आपण दरमहा काय देऊ शकाल?' याला मिळणारी उत्तरे एकत्र मांडली की केंद्राची खरी मागणी कळेल. माझे मत विचाराल, तर वर्षातून दोन आठवडे वापरण्यासाठी बंगला सांभाळणे लहान मंडळीला पेलत नाही. आजूबाजूच्या मंडळ्यांनी मिळून वापर ठरवला आणि प्रत्येकीने आपला वाटा लेखी मान्य केला, तरच यात पडावे.

प्रश्न : किशोरवयीनांच्या शिबिरात निनावी अभिप्राय घेतले. एका चिठ्ठीत, एका मोठ्या माणसाने 'नको तसा हात लावला' असे लिहिले आहे. मुलांना निनावीपणाचे वचन दिले होते. पंचकमिटीने आतल्या आत चौकशी करावी का?

उत्तर : नाही. ही चिठ्ठी आता शिबिराचा अभिप्राय राहिलेली नाही. पोक्सो कायदा, २०१२ (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अपराध झाल्याची किंवा होण्याची शक्यता ज्याला कळते, त्याने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ वरूनही मदत मिळते. चिठ्ठी जशीच्या तशी जपून ठेवावी, ती कोणाची असेल याचा शोध मुलांना समोर बसवून घेऊ नये, आणि तिचा मजकूर पंचकमिटीच्या इतिवृत्तातही लिहू नये. ज्यांच्याबद्दल संशय आहे, त्यांना मुलांच्या कामापासून लगेच दूर ठेवावे, मग त्यांचे मंडळीतील स्थान काहीही असो.

पुढील शिबिरापासून कागद वाटण्यापूर्वीच मुलांना सांगावे की येथे लिहिलेले सर्व गुप्त राहील, परंतु कोणाला इजा होत असेल तर ती गोष्ट आम्ही मदत करू शकणाऱ्यांना सांगू. त्याच वेळी पालकांकडून लेखी संमती घ्यावी, मुलांबरोबर राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव त्यांना आधी कळवावे आणि रात्री मुलामुलींच्या निवासात एकटा मोठा माणूस कधीही असणार नाही, हा नियम पत्रकातच छापावा.